ओटीतलं कासव

"हात नको लावूस गं, रंग ओला आहे अजून," माझ्या होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या.

मी हात मागं घेतला. बार्शीतल्या त्यांच्या देवघरात लक्ष्मीपूजनाची तयारी चालली होती आणि माई पाटावर बसून एका कासवाला सोनेरी रंग देत होत्या. पितळेचं नव्हे, दगडाचं नव्हे, जिवंत कासव. आमटीच्या वाटीएवढं पिल्लू होतं. मूळच्या काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या होत्या, पण त्यातल्या निम्म्या रंगाखाली गेल्या होत्या. माईंनी ब्रश पुन्हा डबीत बुडवला.

"माझ्या भावानं कर्नूलकडून आणलंय. हे घरात आलं आणि दुकानाला बरकत आली. लक्ष्मीचं वाहन म्हण ना."

लक्ष्मीचं वाहन घुबड, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी त्या घरची अजून सून झाले नव्हते. साखरपुडा दसऱ्याला झाला होता, आणि साखरपुडा झालेली मुलगी पहिल्या लक्ष्मीपूजनाला घरात हवी, असा त्यांचा रिवाज होता. म्हणून सकाळच्या एसटीनं मी आणि माझे वडील अण्णा करमाळ्याहून आलो होतो. करमाळ्यात अण्णांचं काष्ठौषधींचं दुकान. हिरडा, बेहडा, रिठे, शिकेकाई. दुकान एवढुसं, त्यामुळे बार्शीच्या भांड्यांच्या बड्या व्यापाऱ्यांनी मला मागणी घातली तेव्हा आमची आई हरखून गेली होती. साखरपुड्यात त्यांनी दिलेला स्टीलचा तांब्या ती येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात द्यायची. "बघा वजन. पत्रा बघा किती जाड!"

आल्या आल्या मला एक मोठी ट्रंक उघडून दाखवली होती. ताटं, वाट्या, डबे, सगळ्यांवर नाव घातलेलं होतं. 'सौ. भाग्यश्री.'

"या भाग्यश्री कोण?" मी विचारलं.

घर खो खो हसलं. "अगं, तूच की!" माई म्हणाल्या. "मंदाकिनी हे काय सुनेचं नाव झालं?"

मीही हसले. हसू काही आलं नव्हतं, पण हसले.

रंगवून झाल्यावर माईंनी कासव उचललं आणि देवघराच्या उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवलेल्या पितळी घंगाळात सोडलं. घंगाळ चांगलं मोठं, आत चार बोटं पाणी. कासवाचे पाय कसेबसे तळाला टेकत होते. मान ताणून ते नाक पाण्याबाहेर धरत होतं. बसायला दगड नाही, चढायला काठ नाही. पितळेवर नखं घासल्याचा आवाज येत होता. त्या कोपऱ्यात ऊन तर वर्षातून एकदाही येत नसावं.

माई वाती आणायला आत गेल्या तशी मी वाकले. माझं आजोळ सीना नदीच्या काठचं. नदीतली कासवं मी लहानपणी पुष्कळ पाहिली होती. त्यांचे पाय वल्ह्यासारखे चपटे, बोटांमध्ये बदकासारखा पडदा. याचे पाय नुसते खुंट होते, हत्तीच्या पायांची छोटी आवृत्ती. हे पोहणारं जनावर नव्हतं. मी त्याला हळूच उचललं आणि रंग न लागलेल्या जागी अंगठा टेकवला. पाठ दबली. ओला पुठ्ठा दबावा तशी दबली आणि अंगठा काढल्यावर सावकाश वर आली. कासवाची पाठ!

"माई, याला थोडी जमीन नको का?" त्या परत आल्यावर मी विचारलं. "एखादी वीट तरी ठेवूया आत."

"कासवाला जमीन कशाला? पाण्यातला जीव तो." त्या वाती तुपात भिजवू लागल्या. "आणि वीट कसली ठेवतेस लक्ष्मीपुढं! संध्याकाळी हे घंगाळ काठोकाठ भरायचं असतं. आमच्याकडे लक्ष्मीपुढं उणं भांडं चालत नाही."

"काठोकाठ?"

"काठोकाठ. रात्रभर तसंच ठेवायचं. मागच्या साली नुसतंच भरलं होतं. यंदा आत लक्ष्मीचं कासव आहे. भाग्य लागतं गं."

दुष्ट बाई असती तर मला सोपं गेलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की काय बोलावं ते सुचेना. कासवाला माई प्रेमानं बुडवणार होत्या.

सुधाकर मागच्या पडवीत पणत्या पुसत बसले होते. माझे नियोजित वर. बी.कॉम. झालेले, गोरे, हळू बोलणारे. साखरपुड्यात त्यांनी मला पेढ्याचा अर्धाच तुकडा भरवला होता, 'तुला गोड आवडत नाही असं कळलं' म्हणून. तेवढ्यावर मी भाळले होते, खोटं कशाला सांगू.

"ते कासव आज रात्री बुडेल," मी सरळच सांगितलं.

त्यांनी पणती खाली ठेवली. "हळू बोल. आई ऐकेल."

"ऐकू दे ना. ते पोहणारं नाही. घंगाळ भरलं की त्याचे पाय टेकणार नाहीत. किती वेळ नाक वर धरील ते?"

"मलाही कधी कधी वाटतं," ते म्हणाले, "धडपडत असतं खरं."

"मग सांगा माईंना. तुमचं ऐकतील."

"आज? सणाच्या दिवशी?" ते हसले. छान हसायचे. "आईला कोण सांगणार! तू अजून ओळखत नाहीस तिला. एकदा लग्न होऊ दे, मग बघू आपण सावकाश. आणि त्यालाही सवय झालीच असेल की आता."

"बुडायची सवय कशी होते?"

ते उठले आणि पणत्यांचं ताट घेऊन ओसरीकडे गेले. जाताना मला म्हणाले, "तू फार मनाला लावून घेतेस बुवा."

संध्याकाळी देवघर बायकांनी भरून गेलं. पेठेतल्या साऱ्या व्यापाऱ्यांच्या बायका नव्या सुनेला बघायला आल्या होत्या. पुरुष मंडळी बाहेरच्या खोलीत, त्यात अण्णाही. दारात रांगोळी, आत धूप, आणि उत्तरेच्या कोपऱ्यात सुधाकरांची बहीण कळशीनं घंगाळात पाणी ओतत होती. मी समोरच्या पाटावर नटवून बसवलेली. माझी नजर तिथून हलेना. दुसरी कळशी ओतली आणि त्याचे पाय तळावरून सुटले. ते चारी पायांनी पाणी मारू लागलं. सोनेरी पाठ एका बाजूला कलली, परत सरळ झाली.

"बघा, कसं पोहतंय!" कुणीतरी कौतुकानं म्हणालं.

माईंनी माझी ओटी भरायला घेतली. तांदूळ, नारळ, खण. मग त्यांनी हात जरा थांबवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आज घरची लक्ष्मी आलीय. माग बाई, काय हवं ते माग. या घरात आज तुला नाही म्हणायचं नाही."

त्यांच्या शेजारी मखमलीची डबी तयारच होती. मी लाजून 'काही नको' म्हणायचं, मग त्यांनी डबी उघडून बुगड्या काढायच्या, मग बायकांनी 'अगं बाई, केवढ्या!' म्हणायचं. असं ते ठरलेलं होतं. बहिणीनं तिसरी कळशी उचलली.

"माई," मी म्हणाले, "ते कासव घाला ओटीत."

कळशी तिथल्या तिथं थांबली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"काहीतरीच काय!" माई हसत म्हणाल्या, पण हसू ओठांपाशीच राहिलं. "अगं, ते घरचं आहे. तू आलीस की तुझंच आहे. दुसरं माग."

"दुसरं काही नको. तेच द्या."

"मंदा..." दाराशी सुधाकर उभे होते. त्यांनी डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि पदर आणखी थोडा पसरला.

त्या घरातली सगळ्यात वडील बाई म्हणजे सुधाकरांच्या आत्याबाई. त्या कोपऱ्यात जपमाळ ओढत बसल्या होत्या. माळ न थांबवताच त्या म्हणाल्या, "घाल गं. चार सवाष्णींसमोर शब्द दिलास. लक्ष्मीच्या दिवशी तो गिळू नये."

माई उठल्या. त्यांच्या गळ्याची शीर ताठली होती. घंगाळात हात घालून त्यांनी कासव काढलं आणि निथळतं तसंच माझ्या पदरात टाकलं, तांदळांवर. त्यानं लगेच डोकं आत घेतलं. माझी नवी साडी पोटापर्यंत भिजली, तांदळांना सोनेरी डाग पडले. बुगड्यांची डबी बंदच राहिली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही परत निघालो. जेऊर मागं पडल्यावर अण्णा म्हणाले, "बुगड्या का नाही मागितल्यास?"

"बुगड्या बुडणार नव्हत्या."

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. मान हलवल्यासारखं वाटलं, पण एसटीत सगळ्यांच्याच माना हलतात.

आईनं मात्र घर डोक्यावर घेतलं. "एवढं स्थळ! लोकं सासरहून दागिने आणतात, आमची कन्या कासव घेऊन आली. लग्न मोडशील मेले त्या कासवापायी!"

"मोडू दे," मी म्हटलं.

तेव्हा मी ते नुसतं तोंडानं म्हटलं होतं. सुधाकर तेव्हाही मला आवडत होते.

कासव कसं पाळायचं हे मला कुठं माहीत होतं! असलं रानातलं कासव घरात ठेवणं कायद्याला धरून नाही, हेही आमच्यापैकी कुणाच्या गावी नव्हतं. पुष्कळ वर्षांनी वनखात्यातल्या एका बाईंकडून ते कळलं आणि मी कासव त्यांच्या हवाली केलं. पण तेव्हा विचारायला कुणीच नव्हतं, म्हणून मी कासवालाच विचारायचं ठरवलं. परसात रिठे भिजवायचा जुना सिमेंटचा हौद होता. तळाला तडा गेल्यामुळे त्यात पाणी ठरत नव्हतं, आणि मला नेमकं तेच हवं होतं. अर्ध्या हौदात माती आणि वाळू भरली. एका कोपऱ्यात रोज पाणी शिंपडून माती ओलसर ठेवली, दुसरा कोपरा कोरडा ठणठणीत. एका बाजूला वाळका पाला पसरला. अर्ध्या भागावर तट्ट्याची सावली केली, अर्धा उन्हात उघडा. फुटका माठ आडवा करून मातीत अर्धा पुरला. पाण्यासाठी मातीची परळ जमिनीच्या पातळीला बसवली, आणि त्यात पोट भिजेल पण हनुवटी भिजणार नाही एवढंच पाणी. वरून कावळ्या-मांजरांसाठी जाळी टाकली. आणि मग मी हौदाच्या कट्ट्यावर बसून राहिले, त्याला काय हवं ते बघत.

पहिला दिवस ते माठात तोंड खुपसून बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हात आलं, चारी पाय पसरून, मान लांब करून असं पडलं की मला वाटलं मेलं. मेलं नव्हतं. बहुधा जन्मात पहिल्यांदा पोटभर ऊन खात होतं. दुपारी सावलीत गेलं, संध्याकाळी ओल्या मातीत, रात्री माठात. थंडी वाढली तसं मी माठात वाळकं गवत कोंबलं आणि तोंडावर गोणपाट टाकू लागले. आईनं दिलेल्या दूधभाताकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. घोळीची भाजी, शेवग्याचा पाला, जास्वंदीचं फूल, यावर मात्र तुटून पडायचं.

पाठीचं काय करायचं हा प्रश्न होता. रंगाचा उपाय सापडला. आई रॉकेलची बाटली घेऊन आली होती, ती अण्णांनी परत पाठवली. मग मी खोबरेल तेलाची वाटी घेऊन बसायची. तेल लावायचं, मुरू द्यायचं, काडीनं हळूहळू उकरायचं. एकेक चांदणी वर यायला लागली. पण मऊ पडलेल्या कवचाला कोण काय करणार? एके दिवशी अण्णांनी दुकानातून समुद्रफेसाचा एक तुकडा आणून मातीवर ठेवला.

"पोपटवाले नेतात," एवढंच म्हणाले. "चोच बळकट होते म्हणे."

कासवानं तो तुकडा हुंगला, आणि करकर करून कुरतडायला सुरुवात केली.

मार्गशीर्ष गेला. बार्शीहून मध्यस्थाच्या तोंडी निरोप येत राहिले. मुलीनं कासव परत पाठवावं. मग मुलीच्या वडिलांनी मुलीला समजवावं. मग पौष लागला, पौषात असली बोलणी कुणी करत नाही, म्हणून जरा शांतता झाली. या दिवसांत आई रोज सकाळी विचारायची, "तुझ्या सासरचं माणूस जेवलं का?" तोंड वाकडं करून विचारायची, पण विचारायची.

माघात ते स्वतः आले. सुधाकरांचे वडील नानासाहेब, आणि सुधाकर. सुधाकरांच्या हातात स्टीलचा नवा कोरा डबा होता, घट्ट झाकणाचा. झाकणावर 'सौ. भाग्यश्री' अशी अक्षरं.

नानासाहेबांनी चहाला हात लावला नाही. "अण्णा, दिवाळीनंतर आमच्या मालाचा ट्रक कलंडला. ताटांना पोचे आले. दुकानावर चिटपाखरू नाही. घरातली लक्ष्मी तुमच्या मुलीनं पदरात घालून नेली. ती परत द्या, आणि माघातलाच मुहूर्त धरू."

"ओटीतलं परत मागायची रीत आमच्याकडे नाही," अण्णा म्हणाले.

"मग सोयरीकही राहायची नाही."

आई दाराआडून माझ्याकडे बघत होती. हात जोडायचेच तेवढे बाकी होते. अण्णा माझ्याकडे वळले. "मंदा, तुझं काय म्हणणं?"

"मी उचलून देणार नाही," मी म्हटलं. "ज्यांना न्यायचंय त्यांनी ते कुठं राहतं ते बघावं आणि आपल्या हातानं उचलावं."

खरं सांगायचं तर मी सुधाकरांना एक संधी देत होते. मला वाटत होतं, हा माणूस बघेल आणि उचलणार नाही. पैज लावायला तयार होते मी.

आम्ही सगळे परसात गेलो. कासव उन्हात पसरलं होतं. पाठीवरच्या चांदण्या लख्ख दिसत होत्या. सुधाकरांनी जाळी बाजूला केली, माठ बघितला, परळ बघितली. "छान केलंयस गं," ते म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. मग त्यांनी वाकून त्याला उचललं. त्यानं ताबडतोब त्यांच्या इस्त्रीच्या पॅंटवर पाणी सोडलं. आई पदर तोंडाला लावून मागं वळली.

सुधाकरांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांनी कासवाच्या पाठीवर अंगठा दाबला. एकदा, मग दुसऱ्या जागी. त्यांचा चेहरा खुलला.

"अरे वा! कडक झालं की."

"काय?"

"पाठ. दसऱ्याच्या सुमाराला कशी लिबलिबीत झाली होती. मला तर वाटलं होतं, दिवाळीपर्यंत काही टिकत नाही हे."

मी त्यांच्याशी पाठीबद्दल कधी बोलले नव्हते. पडवीत नाही, नंतरही नाही.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"मी कुठं नाही म्हणतोय? पण आईला..."

"आईला कोण सांगणार."

"तेच तर," ते म्हणाले. त्यांना वाटलं मला पटलं. त्यांनी कासव डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. झाकण चांगलं घट्ट बसलं. त्याला एक भोक नव्हतं. "तास-दोन तासांचा प्रश्न. बसेल गुपचूप."

आतून नखं घासल्याचा आवाज आला. तोच आवाज, घंगाळातला.

मी त्यांच्या हातातून डबा घेतला. काढून घेतला नाही, नुसता घेतला. त्यांनी लगेच सोडला. कुणी काही घेतलं की ते सोडायचेच. झाकण उघडलं, कासव काढलं आणि माठाच्या तोंडाशी ठेवलं. ते आत चालत गेलं, मागं वळूनसुद्धा न बघता.

साखरपुड्याची अंगठी माझ्या बोटात घट्ट बसली होती. निघेना. कट्ट्यावर खोबरेलाची वाटी होतीच. बोट बुडवलं, अंगठी सुळकन निघाली. ती मी डब्यात टाकली, झाकण लावलं आणि डबा नानासाहेबांच्या हातात दिला.

"हे काय?" ते म्हणाले.

"आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत," मी म्हटलं. "आणि ज्या बाईंचा आहे त्यांना नेऊन द्या. इथं भाग्यश्री कुणी राहत नाही."

"मंदे!" आई ओरडली. अण्णांनी तिच्या हाताला धरलं.

नानासाहेब अण्णांकडे बघत राहिले. आता बाप मुलीला एक ठेवून देईल, अशी त्यांना आशा असावी. अण्णा म्हणाले, "सव्वाबाराची बार्शी गाडी आहे. निघालात तर मिळेल."

ते निघाले. डबा नानासाहेबांनी सुधाकरांकडे दिला आणि सुधाकरांनी तो घेतला. दारातून एकदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. थोडा असता तर मी कदाचित हाक मारली असती.

आम्ही तिघं दारात उभे होतो. ते चालत होते आणि दर पावलाला डब्यात अंगठी वाजत होती. खण खण खण. गल्लीतले लोक बाहेर येऊन बघायला लागले. मारुतीच्या देवळापर्यंत तो आवाज येत होता. मला वाटलं, आता आई रडायला लागेल. आई कान देऊन ऐकत होती.

आवाज थांबल्यावर ती म्हणाली, "पत्रा पातळच आहे गं त्यांचा."

आणि घोळीची जुडी घेऊन परसाकडे गेली.